चूल, सातबारा आणि घर

“पूर्वी घरे मोठी होती, आता ती मोडली,” हे वाक्य जळगाव-धुळ्याकडील कोणत्याही ओट्यावर आपणांस ऐकावयास मिळेल. ते खरे की खोटे हे ठरविण्यापूर्वी आम्हांस एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो : घर मोजावयाचे तरी कशाने?

आरंभीच्या विद्वानांनी ते ग्रंथांवरून मोजले. हेन्री मेन यांनी १८६१ साली प्राचीन कायद्यावरील ग्रंथात पितृसत्ताक कुटुंबापासून समाजाची वाटचाल वर्णिली. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनी विवाहसंस्थेचा इतिहास वेद-महाभारतातील वचनांतून शोधला. राजवाड्यांचा देह १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच पडला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. परंतु ग्रंथांवरून नियम कळतो; त्या नियमाने किती घरे चालली, हे कळत नाही.

ती उणीव भरून काढण्यासाठी अभ्यासकांना गावोगाव हिंडावे लागले. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात नातेसंबंधांवरून भारताचे विभाग पाडले. मामाची मुलगी करणे उत्तरेत निषिद्ध, दक्षिणेत इष्ट. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. एकत्र कुटुंबाची लक्षणेही त्यांनी सांगितली : एक छप्पर, एक चूल, समाईक मालमत्ता, समाईक देवधर्म आणि आपसांतील नाते. पुढे आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुव्याची पाहणी १९६४ साली प्रसिद्ध केली. चूल वेगळी झाली तरी परस्परांची जबाबदारी सुटत नाही, हे त्यांनी दाखविले. राहते घर आणि कुटुंब या दोन भिन्न गोष्टी होत, हे ए. एम. शहा यांनी १९७३ मध्ये स्पष्ट केले. इंग्लंडातही पूर्वी घरे लहानच होती, असा निष्कर्ष पीटर लॅसलेट यांनी जुन्या नोंदींवरून काढला होता.

आता ही मापे आपल्या मुलखास लावून पाहू. साक्री-शिरपूरकडील भिल्लांत लग्नानंतर मुलाने वेगळी झोपडी घालण्याची रीत जुनीच आहे. तेथे मोडण्यासारखे मोठे घर होते कोठे? तरीही अडल्यानडल्यास भाऊबंदच धावून येतात. चाळीसगावकडील तांड्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्यांना मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’वर, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. गावी म्हाताऱ्यांची चूल वेगळी पेटते, आणि मुले कधी इकडे तर कधी तिकडे असतात. जनगणना चूल मोजते, मुकादम कोयता मोजतो. संसार मात्र एकच असतो.

परंतु या साऱ्या मापांतून एक माणूस निसटते, ते म्हणजे घरातील स्त्री. आसोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी तिसाव्या वर्षी तीन मुलांसह विधवा झाल्या. त्या काळच्या कायद्याने एकत्र कुटुंबातील विधवेस अन्नवस्त्राचा हक्क होता, वाट्याचा नव्हता. म्हणजे सातबारासारख्या कागदांवरून कुटुंबाचा इतिहास लिहावयाचा, तर शेत आणि घर दोन्ही सांभाळणारी अशी बाई त्यात दिसावयाची नाही. ती दिसते जात्यावरच्या ओवीत. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. सोपानदेवांनी व नातलगांनी गाणी टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती छापली गेली. जाते, चूल, माहेर, शेत यांविषयीचा असा पुरावा कोणत्याही दप्तरात नाही.

कायदा पुढे बदलला. १९५६ साली वारसाहक्क आला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस जन्मतःच वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये व साऱ्या देशाने २००५ मध्ये दिला. तरी भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपणांपैकी प्रत्येकाच्या माहितीत असतील. ती सही स्नेहाची की संकोचाची, हे कागद सांगत नाही. तिलाच विचारावे लागते.

तात्पर्य, खानदेशातील घरे सरसकट मोडली असे आम्ही म्हणणार नाही, आणि ती पूर्वी सुखाने भरलेली होती असेही म्हणणार नाही. कोणाच्या कष्टावर ती उभी होती, हे आधी नोंदले पाहिजे. आपल्या घरी ऐंशीच्या घरातील आजी असेल, तर येत्या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसावे, ती सांगेल ते तिच्या अहिराणीत वा तावडीत जसेच्या तसे उतरून घ्यावे. कुटुंबाच्या इतिहासाचे ते पान अजून कोरे आहे.