डाल उंदीर
मिठामुळे वाढणाऱ्या रक्तदाबात आनुवंशिकता किती आणि आहार किती, हे तपासण्यासाठी निपजवलेला प्रयोगशाळेतील उंदीर. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत लुईस डाल यांनी उंदरांना भरपूर मीठ चारले. काहींचा रक्तदाब झपाट्याने चढला, काहींचा फारसा हलला नाही. निवडक पैदाशीतून त्यांनी संवेदनशील व प्रतिरोधक असे दोन वाण वेगळे केले (१९६२). पुढे या वाणांत मूत्रपिंडांची अदलाबदल केली, तेव्हा मूत्रपिंड ज्या वाणाचे, रक्तदाब बराचसा त्या वाणासारखा झाला. या संवेदनशीलतेमागे एक नव्हे, अनेक जनुके आहेत. तरीही सारे काही जन्मतः ठरत नाही: त्याच संवेदनशील उंदरांना दुधातील केसीन या प्रथिनावर आधारलेल्या खाद्याऐवजी धान्याधारित खाद्य दिल्यास, मीठ तेवढेच असूनही रक्तदाब कमी चढतो आणि मूत्रपिंडाची हानीही कमी होते.