वर्गातला सोबती : एक न लिहिलेला इतिहास

बहिष्कृतांच्या शिक्षणाचा इतिहास आपण आजवर शाळांच्या, संस्थापकांच्या आणि कायद्यांच्या अंगाने लिहिला. कोणी कोठे शाळा काढली, कोणत्या सरकारने कोणता ठराव केला, किती वसतिगृहे उघडली, याची नोंद आपल्याजवळ आहे. ती आवश्यकच होती. परंतु शाळेचा उंबरठा ओलांडलेल्या मुलाच्या शेजारी कोण बसले, त्याला कोणी छळले, आणि छळणाऱ्याला 'थांब' म्हणणारा त्या वर्गात एक तरी होता काय, हा इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाही. मी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. वर्गातून गळून गेलेली कितीतरी मुले मी पाहिली. त्यांच्यापैकी अनेकांना कायद्याचे संरक्षण होते. सोबती मात्र नव्हता. त्या सोबत्याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहू. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या सुमारे चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. महारमांगांच्या दुःखाविषयी तिने धर्मालाच प्रश्न विचारले होते. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला व त्याला तो नाकारण्यात आला. त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली. सरकारने उत्तर दिले, त्याचा आशय असा की न्याय तत्त्वतः अर्जदाराच्या बाजूचा असला, तरी एका व्यक्तीसाठी सारी शाळा निरुपयोगी करता येणार नाही. १८५८ मध्ये विलायतेहून कंपनीच्या संचालकांचा निर्वाळा आला की, सरकारी शाळेत जातीमुळे कोणालाही प्रवेश नाकारू नये. १८८२ च्या हंटर आयोगानेही हे तत्त्व मान्य केले. पण ते जपून अमलात आणावे, असा इशाराही सोबत दिला.

मुक्ता शूर होती यात शंका नाही. पण तिच्या भोवती तिच्यासारख्याच मुलामुलींचा वर्ग होता. तिने प्रश्न विचारला तेव्हा तिला हसणारे कोणी शेजारी नव्हते. धारवाडचा मुलगा एकटा होता, आणि सरकारने नेमके त्याच्या एकटेपणावरच बोट ठेवले. 'एकासाठी' काही करता येत नाही, हे उत्तर तेव्हापासून आजतागायत किती कचेऱ्यांतून ऐकू येते!

कायद्याने प्रवेश मिळाला तरी पुढे काय होते, हे बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेवरून दिसते. साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात, म्हणजे सरकारी शाळेत, शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्याजवळ पोहोचण्याआधीच मुलांनी धावत जाऊन ते डबे बाजूला घेतले. धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवलेला हा प्रसंग आपण अनेकदा सांगतो, आणि ऐकणारा हळहळतो. पण या प्रसंगाकडे आणखी एका बाजूने पाहायला हवे. त्या वर्गात एक मुलगा जरी आपला डबा न हलवता जागेवर बसून राहिला असता, तर? त्याला भाषण करायचे नव्हते की मारामारी करायची नव्हती. नुसते बसून राहायचे होते. तेवढे करणारा त्या वर्गात कोणी निघाला नाही. छळ करणारे हात थोडे असतात. त्यांना बळ मिळते ते गप्प राहणाऱ्या बाकांचे.

जो सोबती वर्गात मिळाला नाही, तो आपल्या माणसांनी वसतिगृहात घडवला. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत तिने सोलापुरात वसतिगृह उघडले. तेथील विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. सभेने मुंबईत मोफत वाचनालय काढले, आणि महार तरुणांसाठी हॉकीचा संघदेखील उभा केला. हॉकीचे नाव ऐकून कोणाला आश्चर्य वाटेल. परंतु संध्याकाळी तरुण मुलगा कोणाच्या सोबतीत असतो यावर त्याचे निम्मे आयुष्य ठरते, हे त्या कार्यकर्त्यांना पुरते कळले होते. भाकरी, पुस्तक आणि सोबत या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र धरल्या.

१९२७ साली समता सैनिक दल उभे राहिले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर परतणाऱ्या आपल्या माणसांवर, देवळात शिरणार अशी अफवा उठवून, लाठ्यांचा हल्ला झाला होता. संतापलेले तरुण प्रतिकाराला सज्ज होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. या आवरण्याचा अर्थ भेकडपणा असा लावणाऱ्यांना महाड समजलेले नाही. संख्येने मोठा जमाव हाताशी असताना हात न उचलणे, आणि तरीही जागा न सोडणे, याला वेगळे धैर्य लागते. स्वयंसेवकाचा पहिला धडा हाच आहे. आपल्या माणसाभोवती उभे राहायचे. पण ज्याच्यापासून त्याला वाचवायचे, त्याच्यासारखे व्हायचे नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास ही परंपरा महाविद्यालयांत आली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० ला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे 'मिलिंद' म्हणून नावारूपाला आलेले महाविद्यालय सुरू झाले. नागसेनवनात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलाला पहिल्यांदा कळले की, आपल्यासारखे शेकडो आहेत. हे कळणे हीच एक मोठी सामाजिक घटना होती. १९७२ मध्ये दलित पँथर जन्मली, आणि वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या खोल्यांत तिचे तरुण जमू लागले. गावात अत्याचार झाला की तेथे धावून जायचे, हा त्यांचा बाणा होता. १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, तेव्हाही विद्यार्थी लढ्यात उतरले. १९९३ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन स्थापन झाली, तीही याच परंपरेतली.

येथवरचा इतिहास अभिमानाने सांगता येतो. पुढचे सांगताना जीभ अडखळते, पण सांगितलेच पाहिजे. मराठीत 'दादा' म्हणजे थोरला भाऊ, आणि त्याच शब्दाला शेपूट जोडून 'दादागिरी' झाली. आपल्या वसतिगृहांत दोन्ही नांदले. मी ज्या वसतिगृहात राहिलो तेथे बहुतेक सारे आपलेच होते. पहिल्या महिन्यात आम्हा नव्या मुलांना थोरल्यांचे कपडे धुवावे लागत. रात्री उठवून नाव, गाव, बापाचा धंदा मोठ्याने सांगायला लावीत, आणि हसत. ज्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती तेच हे करीत. त्यांच्यातल्याच एका मुलाने तिसऱ्या दिवशी आपली वळकटी उचलली आणि आमच्या खोलीत येऊन टाकली. बोलला काही नाही. त्यानंतर रात्री कोणी आम्हाला उठवले नाही. त्या वर्षी माझ्या गावाकडचा एक मुलगा दुसऱ्या खोलीत होता. त्याच्या खोलीत वळकटी घेऊन कोणी गेले नाही. तो दिवाळीला घरी गेला तो परतला नाही. मीही त्याच्या खोलीत गेलो नव्हतो. हा इतिहास लिहिताना मला ही कबुली वगळता येत नाही. आणि आपल्या मुलींना तर या सोबतीच्या परंपरेत बराच काळ जागाच नव्हती. त्यांचा इतिहासही ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांना 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथासाठी बाया-बायांना भेटून गोळा करावा लागला.

दरम्यान कायदे झाले. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ ला आला. २००७ मध्ये प्राध्यापक सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाचा अहवाल दिला. वसतिगृहातही जातीप्रमाणे वेगळी वस्ती पडते, हे तीत दिसले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम २००९ ला, समतेसंबंधीचे नियम २०१२ ला आले. पण जातीवरून छळणे किंवा वाळीत टाकणे हे रॅगिंगच होय, असे स्पष्ट शब्दांत नियमात यायला २०१६ साल उजाडले. त्याच वर्षीच्या जानेवारीत हैदराबादला रोहित वेमुला गेला. वसतिगृहातून काढलेल्या पाच विद्यार्थ्यांनी उघड्यावर जी राहुटी ठोकली, तिला त्यांनी 'वेलिवाडा', म्हणजे गावाबाहेरची वस्ती, असे नाव दिले होते. त्याला सोबती होते. तरी तो गेला. २०१९ मध्ये मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. त्याच वर्षी या दोघांच्या मातांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. आपल्या मुलांना जी सोबत पुरली नाही ती इतरांच्या मुलांना मिळावी, म्हणून दोन आया एकमेकींच्या सोबती झाल्या.

यातून काय घ्यायचे? सोबतीने सारे भागते असे मी म्हणणार नाही. जेथे संस्थाच छळणारी असते, तेथे चार मित्र तिला पुरे पडत नाहीत. तेथे कायदा, चौकशी आणि शिक्षा हवीच. पण नियम भिंतीवर लावलेला असतो, आणि मुलगा रात्री अकरा वाजता खोलीत एकटा असतो. त्या दोहोंमधले अंतर चालून जाणारा माणूस त्याच्याच वयाचा असावा लागतो.

आमच्या महाविद्यालयात गेली काही वर्षे सहा-सात मुलेमुली हे काम करतात. त्यांना पद नाही, बिल्ला नाही. जूनमध्ये नवी मुले येतात तेव्हा ही मुले शिष्यवृत्तीच्या खिडकीजवळ उभी राहतात, कारण तेथेच मोठ्या आवाजात जात विचारली जाते. मेसमध्ये एकटा जेवणाऱ्याच्या शेजारी ताट घेऊन बसतात. कोणाला तक्रार करायची असेल तर अर्ज लिहायला मदत करतात आणि प्राचार्यांच्या दारापर्यंत सोबत जातात. कोणी जिवाला कंटाळल्याचे बोलला, तर ते गुपित ठेवायचे नाही, त्याला एकटे सोडायचे नाही आणि शिक्षकाला व डॉक्टरला लगेच कळवायचे, एवढे त्यांना शिकवले आहे. त्यांत सवर्ण मुलेही दोन आहेत. त्यांना मी एल्फिन्स्टनच्या डब्यांची गोष्ट सांगतो, कारण डबा न हलवण्याचे काम त्यांचे आहे. ते दलित मुलाच्या अंगावर टाकणे हा आणखी एक अन्याय ठरेल.

शिक्षक आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच आहे. आपापल्या वसतिगृहातल्या थोरल्या मुलांना विचारा, या वर्षी नव्यांपैकी किती आले, दिवाळीनंतर किती परतले, आणि जो परतला नाही त्याच्या खोलीत कोण गेले होते. बाबासाहेबांनी संघटित व्हा म्हटले, त्याची सुरुवात मोर्चापासून होते असे आपण धरून चाललो. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वळकटी नेण्यापासूनही होते.