१८९५ सालचे दोन टोलेबाज

गेले दोन वीकांत बेब रूथ वाचण्यात गेले. सोमवारच्या कॉलवर अमेरिकन मंडळी पहिली पाच मिनिटं बेसबॉलच बोलतात, आणि आपण नुसतं "ओ येस" करत बसायचं याचा कंटाळा आला, म्हणून सुरुवात केली. तर दुसऱ्याच पानावर जन्मतारीख दिसली: ६ फेब्रुवारी १८९५, बाल्टिमोर. मी थांबलोच. कारण ३१ ऑक्टोबर १८९५ ला आमच्या भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, नागपुरात, सी. के. नायडू जन्मले. विसाव्या शतकात ज्या दोन माणसांनी आपापल्या देशाला चेंडू उचलून मारायची चटक लावली, ते दोघे एकाच वर्षाचे!

आधी थोडं बेसबॉलचं. आउटफिल्डर म्हणजे काय हे आमच्याकडच्या पोराला समजवायला फार वेळ लागू नये. धान कापल्यावर बांधीत आम्ही खेळायचो तेव्हा पायाला बुडखे टोचायचे, आणि धुऱ्याजवळ उभं राहायला तयार होईल अशा दोघातिघांना तिकडे पाठवायचो. बेसबॉलमध्ये असे तीन जण असतात, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. धावायचं, झेलायचं आणि लांबून नेमकं फेकायचं. आमच्याकडे ती शिक्षा होती, तिकडे तो पेशा आहे.

रूथ मुळात आउटफिल्डर नव्हताच. १९१४ साली तो बोस्टन रेड सॉक्सकडे आला तो डावखुरा पिचर म्हणून, आणि चांगलाच पिचर होता (९४ विजय, ४६ पराभव). पण पिचर रोज खेळत नाही, त्याच्या खांद्याला मधले तीनचार दिवस विश्रांती लागते. आणि हा तर बॅट घेऊन उभा राहिला की चेंडू कुंपणाबाहेर. म्हणजे आपला सगळ्यात महाग सर्व्हर चार दिवसांतून एकदाच चालू करायचा, असला प्रकार. मग १९१८-१९ च्या सुमारास त्याला आउटफिल्डमध्ये उभं करायला सुरुवात झाली, जेणेकरून तो रोज फलंदाजीला येईल. १९१९ मध्ये त्याने २९ होमरन मारले, तोवरचा विक्रम. न्यूयॉर्क यांकीजकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी ५४. १९२७ मध्ये ६०. एकूण ७१४. घरच्या मैदानावर तो उजवीकडे उभा राहायचा, पण बाहेरगावी उजवीकडे ऊन डोळ्यांवर येत असेल तर डावीकडे. स्टारचे लाड, दुसरं काय :)

आता सी. के. १९१६ साली हिंदूंच्या संघातून युरोपियनांविरुद्ध पहिला प्रथम श्रेणीचा सामना. सात गडी बाद झालेले असताना हा आला, तीन चेंडू अडवले आणि चौथा सीमेपार, षटकार. दहा वर्षांनी, १ डिसेंबर १९२६ ला, बॉम्बे जिमखान्यावर गिलिगनच्या एम.सी.सी. संघासमोर १५३ धावा, त्याही दोन तासांच्या आत. १३ चौकार आणि ११ षटकार. एम.सी.सी.ने त्याला चांदीची बॅट भेट दिली. हिंदुस्थानला कसोटी खेळू द्यावी असं इंग्रजांना वाटायला लागलं त्यात या खेळीचा वाटा मोठा. १९२८ मध्ये बोर्ड स्थापन झालं आणि १९३२ मध्ये लॉर्ड्स.

इथपर्यंत दोघांच्या गोष्टी शेजारी शेजारी चालतात. पैशाशी आलं की वाटा फुटतात.

रूथ व्यावसायिक होता. १९३० साली त्याचा पगार ८० हजार डॉलर होता, राष्ट्राध्यक्षांचा ७५ हजार. नायडूंना असा पेशाच उपलब्ध नव्हता. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं, संस्थानच्या फौजेत अधिकारी केलं. पुढे ते कर्नल झाले. म्हणजे पगार फौजेचा, काम क्रिकेटचं, आणि मर्जी राजाची. बरं, इंदूरने त्यांना उत्तम सांभाळलं, यात वाद नाही. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला तो त्यांच्या जोरावर.

पण बाहेर काय? १९३२ च्या दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. क्रिकेट येणारा माणूस तिसरा! महाराजांनी मोठ्या मनाने बाजूला व्हायचं ठरवलं, लिंबडीकर जखमी झाले, म्हणून २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. झाले. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत झाली, तरी पहिल्या डावात सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे विझींकडे गेलं. नायडू त्यांच्या हाताखाली खेळले, आणि ओव्हलवर शेवटच्या कसोटीत ॲलनचा चेंडू अंगावर घेऊन ८१ धावा काढल्या. ती त्यांची शेवटची कसोटी. सात कसोट्या, ३५० धावा. या आकड्यांवरून कुणी नायडूंचं मोजमाप करायला लागला की माझं डोकं फिरतं. असो.

(इंग्रजांनाही हसायला जागा नाही. त्यांचा कर्णधार 'हौशी'च हवा, पगारी नको, हा हट्ट. विसाव्या शतकात पगारी खेळाडूला रीतसर कर्णधार केलं ते १९५२ मध्ये, लेन हटनला. तेही भारताविरुद्ध.)

मग अमेरिकेत सगळं आलबेल होतं का? मलाही आधी तसंच वाटत होतं. पण १९१९ च्या डिसेंबरात रेड सॉक्सच्या मालकाने रूथला यांकीजना विकलं. विकलं हाच शब्द. एक लाख डॉलर, आणि रूथला कुणी विचारलं नाही. करारात 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचं कलम असायचं: करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबचा. आपल्याकडे बाँड लिहून घेणाऱ्या कंपन्या यापुढे धर्मादाय वाटतील.

या कलमाशी भांडला तोही एक आउटफिल्डरच, सेंट लुईसचा कर्ट फ्लड. १९६९ मध्ये क्लबने परस्पर त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा हा काळा माणूस म्हणाला, मी जाणार नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९७२ मध्ये हरला, आणि कारकीर्द त्यातच संपली. कलम मोडलं १९७५ च्या शेवटी, दुसऱ्या दोघांच्या प्रकरणात. फायदा पुढच्यांना झाला. मला रूथच्या ७१४ पेक्षा हा माणूस जास्त लक्षात राहिला.

म्हणजे एकाला राजाने ठेवला होता, दुसऱ्याला शेटजींनी. रूथची किंमत तरी कागदावर होती, नायडूंची तीही नव्हती. १९४१ मध्ये ते बाथगेट लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत झळकले, भारतीय क्रिकेटपटूची ही पहिली जाहिरात म्हणतात. आयपीएलचा पहिला लिलाव व्हायला त्यानंतर ६७ वर्षं लागली.

रूथ १९३५ मध्ये थांबला. जाताजाता पिट्सबर्गला एकाच सामन्यात तीन होमरन मारले. त्याला व्यवस्थापक व्हायचं होतं, पण कुणी केलं नाही, आणि १९४८ मध्ये कॅन्सरने गेला. वय ५३.

नायडू थांबलेच नाहीत. १९४५-४६ मध्ये पन्नाशीत बडोद्याविरुद्ध द्विशतक. संस्थानं गेली, पुढे होळकर संघही गेला, तर हे उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. १९५६-५७ चा मोसम, वय ६१. राजस्थानविरुद्ध ८४ धावा काढल्या, त्यात दोन षटकार विनू मंकडला. त्याच मोसमात शेवटचा रणजी सामना खेळले आणि त्यात ५२ केल्या.