एंडोमेट्रिओसिस आणि संप्रेरकयुक्त कॉइल : निर्णयापूर्वी काय पाहावे?

पाळीच्या दिवसांत अंथरूण धरणाऱ्या मुलीला ‘बाईच्या जातीला हे सोसावेच लागते’ असे सांगून गप्प करण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. त्यामुळे एंडोमेट्रिओसिसचे नाव कानी पडेपर्यंत अनेकींची उमेदीची वर्षे वेदनेत सरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील १९ कोटी स्त्रियांना व मुलींना हा आजार आहे. निदानाला सरासरी ४ ते १२ वर्षे लागतात. निदानानंतर सुचविल्या जाणाऱ्या उपायांपैकी एक म्हणजे गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त कॉइल. ती बसवावी की नाही, हे ठरविण्यापूर्वी तिच्याकडून काय मिळू शकते आणि काय नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

आजार व साधन

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, ओटीपोटाच्या पडद्यावर किंवा आतड्यालगत वाढते, तेव्हा त्या अवस्थेला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. त्या ठिकाणी दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटू शकतात आणि बीजांडकोशात जुन्या रक्ताने भरलेली ‘चॉकलेट सिस्ट’ तयार होऊ शकते. पाळीतील तीव्र कळा, शरीरसंबंधाच्या वा शौचाच्या वेळी होणारी वेदना, सततचा थकवा आणि काहींच्या बाबतीत गर्भधारणेतील अडचण ही याची लक्षणे होत. आजार मुळापासून नाहीसा करणारे औषध आज उपलब्ध नाही. वेदना आटोक्यात ठेवणे हेच उपचाराचे मुख्य उद्दिष्ट असते.

कॉइल हे इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे, सुमारे ३२ मिलिमीटर लांबीचे लवचीक साधन आहे. त्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक असते आणि प्रारंभी दररोज सुमारे २० मायक्रोग्रॅम या प्रमाणात ते गर्भाशयात झिरपते. हे साधन १९९० मध्ये प्रथम फिनलंडमध्ये बाजारात आले. ‘मिरेना’ हे त्याचे सर्वपरिचित नाव.

तांबी वेगळी, कॉइल वेगळी

कॉइल म्हटले की आपल्याकडे ‘तांबी’ आठवते. दोन्हींचा आकार सारखा असला तरी गुणधर्म उलट आहेत. सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमातून मोफत बसविली जाणारी कॉपर-टी ही तांब्याची असते. तिने रक्तस्राव व कळा वाढू शकतात. संप्रेरकयुक्त कॉइल अस्तर पातळ करते, त्यामुळे रक्तस्राव घटतो. वर्षभरानंतर पाचांपैकी सुमारे एकीची पाळी पूर्णपणे थांबते. अशा वेळी ‘दूषित रक्त अंगात साचते’ ही भीती घरातील वडीलधाऱ्या बायका बोलून दाखवतात. ती निराधार आहे; अस्तरच वाढत नसल्याने साचायला रक्त उरत नाही.

पुरावा काय सांगतो?

युरोपीय मानवी प्रजनन संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एंडोमेट्रिओसिसच्या वेदनेसाठी या कॉइलची शिफारस आहे. इटलीतील २००३ च्या एका छोट्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर कॉइल बसविलेल्या २० स्त्रियांपैकी दोघींना, तर न बसविलेल्या २० पैकी नऊ जणींना वर्षभरात पाळीची मध्यम वा तीव्र वेदना पुन्हा सुरू झाली. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ४०५ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉइल किंवा तीन महिन्यांचे इंजेक्शन घेणाऱ्या आणि रोजची मिश्र गोळी घेणाऱ्या, अशा दोन्ही गटांत तीन वर्षांनी वेदना सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेली दिसली. गटांमध्ये वेदनेच्या बाबतीत विशेष फरक आढळला नाही. मात्र कॉइल-इंजेक्शनच्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया वा पुढचे उपचार कमी लागले. सारांश असा की, कॉइल इतर संप्रेरक उपचारांच्या तोडीची आहे. तिचा खरा लाभ रोज गोळी आठवणीने घेण्यातून मिळणाऱ्या सुटकेत आहे.

कोणाला उपयुक्त, कोणाला नाही?

वेदना मुख्यतः पाळीशी निगडित असेल, रक्तस्राव अधिक असेल किंवा सोबत अॅडिनोमायोसिस असेल, तर कॉइलचा विचार विशेष योग्य ठरतो. येत्या वर्षा-दोन वर्षांत मूल नको असेल, तर गर्भनिरोधनही आपोआप साधते. मूल झालेले नसणे ही आडकाठी नाही. कॉइल काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लवकरच पूर्ववत होते. मात्र आजारामुळे आलेले वंध्यत्व तिने दूर होत नाही.

एक मर्यादा पुष्कळदा सांगायची राहून जाते. कॉइल बहुतेक स्त्रियांमध्ये बीजनिर्मिती थांबवत नाही. त्यामुळे चॉकलेट सिस्ट वारंवार होत असेल, तर बीजनिर्मिती रोखणारी डायनोजेस्टसारखी गोळी अधिक योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. गर्भारपण, कारण न समजलेला रक्तस्राव, ओटीपोटातील चालू जंतुसंसर्ग, स्तनाचा वा गर्भाशयाचा कर्करोग किंवा गाठींमुळे गर्भाशयाची पोकळी वाकडी झालेली असणे, अशा स्थितीत कॉइल बसविली जात नाही.

पहिले सहा महिने

बसविताना तीव्र कळ येऊ शकते. एंडोमेट्रिओसिस असणाऱ्यांनी वेदनाशामक व भूल यांविषयी आधीच बोलावे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर त्याच भुलेत कॉइल बसविता येते. अविवाहित मुलींसाठी हा मार्ग अधिक सोयीचा ठरतो.

त्यानंतर तीन ते सहा महिने डाग दिसणे किंवा अवेळी रक्तस्राव होणे स्वाभाविक आहे. अनेकजणी याच काळात कंटाळून कॉइल काढून घेतात. काहींना मुरूम, डोकेदुखी, स्तनांत दुखणे किंवा मन खिन्न होणे असे त्रास होतात. मनावरचा परिणाम असह्य असेल, तर सहा महिने थांबण्याचा हट्ट धरू नये. सुमारे २० पैकी एकीची कॉइल आपोआप बाहेर येते. गर्भाशयाला छिद्र पडण्याचा धोका हजारात एक-दोन इतका असतो. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढत जाणारी ओटीपोटातील वेदना किंवा गर्भधारणेची शंका आल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

दोन गावांतला उपचार

उदाहरणादाखल, फोंड्याची एखादी मुलगी लग्नानंतर बडोद्याच्या हरणी भागात स्थायिक झाली आहे, असे समजू. निदान बांबोळीच्या ‘गोमेकॉ’त झाले, कॉइल बडोद्यात बसविली आणि त्रास मात्र सुट्टीत माहेरी असताना झाला, असे सहज घडू शकते. अशा वेळी सोनोग्राफी व शस्त्रक्रियेचे अहवाल, कॉइलचे नाव आणि ती बसविल्याची तारीख यांची नोंद जवळ असली, तर नव्या डॉक्टरांचे काम सोपे होते. चार ते सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीसाठी आपण कोणत्या गावी असू, याचाही हिशेब आधीच करावा.

वेदनेची वही ठेवणे तितकेच उपयोगी. कळ, ठणका, ओढ, चमक यांतील फरक आपल्या भाषेत नेमका व्यक्त होतो. कोणत्या दिवशी काय दुखले, शून्य ते दहा या मापावर किती दुखले, कामावरची किती दिवस रजा पडली, हे कॉइल बसविण्यापूर्वी दोन महिने व नंतर सहा महिने लिहावे. सहा महिन्यांनी उपाय लागू पडला की नाही, याचे उत्तर ही वहीच देईल.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

- माझी वेदना नेमकी कशामुळे आहे आणि त्या कारणावर कॉइल चालेल का?
- माझ्या बाबतीत गोळीपेक्षा कॉइल का बरी?
- बसविताना वेदना कमी करण्यासाठी काय कराल?
- साधनाची किंमत व बसविण्याचा खर्च मिळून किती होईल?
- मला ती काढून हवी असल्यास केव्हा व कशी काढाल?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कॉइल काढणे बहुधा काही मिनिटांचे काम असते आणि ती कधीही काढून मागण्याचा हक्क स्त्रीला आहे. म्हणून या उपायाकडे मुदत ठरवून केलेला प्रयोग म्हणून पाहावे. गुण आला तर तो पुढे चालवावा. गुण आला नाही तरी स्त्रीने स्वतःला दोष देऊ नये आणि घरच्यांनी ‘आता सोस’ असे म्हणू नये. त्या वेळी वही घेऊन पुढचा उपाय विचारण्यासाठी डॉक्टरांकडे परत जावे.