सायकोमँटियम

सायकोमँटियम म्हणजे मंद उजेडाच्या खोलीत, बसणाऱ्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसणार नाही अशा रीतीने लावलेल्या आरशाकडे एकटक पाहण्यासाठी केलेली रचना होय. दिवंगत आप्ताचे स्मरण करीत आरशाच्या काळोख्या पृष्ठभागाकडे काही काळ पाहत राहिल्यास त्या व्यक्तीची आकृती, आवाज किंवा सान्निध्य अनुभवास येते, असे काही जण सांगतात. या पद्धतीला आधुनिक रूप अमेरिकन वैद्य व लेखक रेमंड मूडी यांनी १९९०च्या दशकात दिले. अशा अनुभवांना मृतांच्या अस्तित्वाचा पुरावा मानता येत नाही. मात्र त्यांमुळे वियोगाचे दुःख हलके होते का, हा प्रश्न मानसशास्त्रात स्वतंत्रपणे अभ्यासला गेला आहे.

व्युत्पत्ती

मूळ ग्रीक शब्द ‘आत्मा’ आणि ‘कौल घेण्याचे स्थान’ या अर्थांच्या दोन पदांपासून बनला आहे. रोमन वक्ता व तत्त्वचिंतक सिसेरो याने ‘टस्क्युलन डिस्प्युटेशन्स’ या ग्रंथात या शब्दाचे लॅटिन रूप वापरले आहे. तेथे पुत्राच्या मृत्यूने व्याकूळ झालेला तेरिना येथील एलिसियस हा पिता अशा स्थानी जाऊन पुत्र का गेला असे विचारतो, ही कथा येते. इ.स.पू. ४५ मध्ये सिसेरोची कन्या तुलिया मरण पावली आणि त्यानंतरच्या काळात हा ग्रंथ लिहिला गेला. सिसेरोच्या कथेत आरशाचा उल्लेख नाही. आरसा आणि हा शब्द यांची सांगड आधुनिक काळात घातली गेली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ग्रीसच्या वायव्येकडील एपिरस प्रदेशात आखेरॉन नदीकाठी मृतांचा कौल घेण्याचे स्थान होते. करिंथचा सत्ताधीश पेरिआंडर याने आपली मृत पत्नी मेलिसा हिला प्रश्न विचारण्यासाठी तेथे दूत पाठविले, असे हेरोडोटसने लिहिले आहे. पुरातत्त्वज्ञ सोतिरिओस दाकारिस यांनी १९५८ पासून या परिसरात उत्खनन केले आणि तेथे सापडलेली भक्कम भिंतींची वास्तू हेच ते स्थान असल्याचे प्रतिपादन केले. उत्खननात मिळालेल्या काशाच्या भांड्याच्या अवशेषांवरून, येणारे लोक चकचकीत भांड्यातील पाण्याकडे पाहत असावेत, असा तर्क मूडी यांनी केला. पुढे ही ओळखच वादग्रस्त ठरली. वास्तूत सापडलेले काशाचे भाग युद्धयंत्राचे असल्याचे दाखविण्यात आले आणि ती वास्तू तटबंदीयुक्त शेतवाडा असावी, असे मत पुढे आले. त्यामुळे ‘प्राचीन ग्रीक सायकोमँटियम’ हा आधुनिक पद्धतीचा पूर्वज होता, असे खात्रीने म्हणता येत नाही.

परावर्तक पृष्ठभागाकडे पाहून भविष्य किंवा गुप्त गोष्टी जाणण्याच्या प्रथा मात्र निश्चितपणे जुन्या आहेत. पात्रास येथील देमेतेर देवीच्या झऱ्यात दोरीने आरसा सोडून रोग्याचे भवितव्य पाहत असत, असे पौसानियसने नोंदविले आहे. सोळाव्या शतकातील इंग्रज विद्वान जॉन डी याच्या नावाशी जोडलेला काळ्या ज्वालाकाचेचा आरसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याचा दगड मेक्सिकोतील पाचुका येथील असल्याचे रासायनिक विश्लेषणातून २०२१ मध्ये दिसून आले. महाराष्ट्रातील ‘अंजन पाहणे’ ही प्रथाही याच जातीची आहे. तिच्यात चकचकीत काळ्या अंजनाकडे टक लावून चोरीस गेलेल्या वस्तूचा वा चोराचा माग काढल्याचा दावा केला जातो. तिचा हेतू शोकनिवारण हा नाही.

रचना आणि पद्धत

मूडी यांनी ही रचना अमेरिकेतील अलाबामा राज्यात उभारली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रीयुनियन्स’ या पुस्तकात तिचे वर्णन केले. तीत काळ्या पडद्यांनी वेढलेल्या जागेत भिंतीवर आरसा लावलेला असतो. समोरची आरामखुर्ची आरशापेक्षा खाली व किंचित मागे कललेली असते. त्यामुळे बसणाऱ्याला आरशात स्वतःचा चेहरा न दिसता केवळ मागील पडद्याचा काळोख दिसतो. खुर्चीमागे एक अतिशय मंद दिवा असतो.

आरशासमोर बसणे हा या पद्धतीचा एकच भाग आहे. त्याआधी येणारी व्यक्ती दिवंगताची छायाचित्रे व आठवणीच्या वस्तू बरोबर आणते आणि त्या नात्याविषयी मार्गदर्शकाशी दीर्घकाळ बोलते. नंतर, काय दिसले, काय जाणवले आणि त्याचा अर्थ काय वाटतो, यावर पुन्हा संभाषण होते. मनात धरलेल्या व्यक्तीऐवजी दुसऱ्याच आप्ताचा अनुभव आल्याचेही काहींनी सांगितले.

भासांची कारणे

दृष्टी एका बिंदूवर स्थिर ठेवली असता कडेच्या आकृती हळूहळू पुसट होतात, हे स्विस वैद्य इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्ये नोंदविले होते. एकसारख्या, रेषाहीन दृश्याकडे दीर्घकाळ पाहिल्यासही मेंदू स्वतःच आकृती निर्माण करू लागतो.

इटलीतील उर्बिनो विद्यापीठाचे जोव्हानी कापुतो यांनी २०१० मध्ये ५० व्यक्तींना मंद प्रकाशात स्वतःच्या प्रतिबिंबाकडे १० मिनिटे पाहण्यास सांगितले. त्यांपैकी ६६ टक्क्यांना स्वतःचा चेहरा अतिशय विकृत दिसला, २८ टक्क्यांना अनोळखी व्यक्ती दिसली, तर १८ टक्क्यांना आई किंवा वडिलांचा बदललेला चेहरा दिसला. या व्यक्ती शोकग्रस्त म्हणून निवडलेल्या नव्हत्या. यावरून असे भास निरोगी मनातही सहज उत्पन्न होतात, हे स्पष्ट होते. आरशासमोर बसण्यापूर्वी दिलेल्या सूचनेचा भासांवर परिणाम होतो, असेही २००६ मधील एका प्रयोगात आढळले.

शोक आणि परिणाम

आप्ताच्या मृत्यूनंतर त्याचे सान्निध्य जाणवणे हा अनुभव आरशाविनाही सर्रास येतो. वेल्समधील वैद्य ड्यूई रीस यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २९३ विधवा व विधुरांपैकी जवळपास निम्म्यांनी असा अनुभव सांगितला. बहुतेकांनी तो तोवर कोणालाही सांगितलेला नव्हता. मृत व्यक्तीशी नाते तोडणे हीच शोकाची पूर्तता होय, ही जुनी कल्पनाही आता मागे पडली आहे. ते नाते वेगळ्या रूपात पुढे चालू राहू शकते, असे मत १९९६ पासून ‘अखंड अनुबंध’ या अर्थाच्या संज्ञेने मांडले जाते.

सायकोमँटियमवरील प्रमुख अभ्यास आर्थर हेस्टिंग्ज व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील २७ जणांपैकी १३ जणांनी अपेक्षित व्यक्तीशी संपर्क झाल्याचे सांगितले. महत्त्वाची बाब अशी की, शोकाशी निगडित भावनांची तीव्रता केवळ या १३ जणांत नव्हे, तर एकूण गटात कमी झाल्याचे आढळले. तथापि अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे हा परिणाम आरशाचा, एकांताचा, आधीच्या स्मरणाचा की नंतरच्या संभाषणाचा, हे त्यावरून ठरविता येत नाही.

या संदर्भात कॅथरिन शियर यांची शोकोपचार पद्धती तुलनेस घेता येते. तीत आरसा नसतो. रुग्ण डोळे मिटून दिवंगताशी काल्पनिक संवाद करतो. हा संवाद त्या उपचारातील अनेक घटकांपैकी एक आहे. ९५ रुग्णांवरील व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ५१ टक्के रुग्णांना गुण आला, तर तुलनेच्या मानसोपचाराने २८ टक्क्यांना.

आरसा-ध्यानाशी फरक

आत्मनिरीक्षणासाठी केले जाणारे आरसा-ध्यान सायकोमँटियमहून वेगळे आहे. त्यात पुरेशा उजेडात स्वतःच्याच प्रतिबिंबाकडे शांतपणे पाहिले जाते आणि स्वतःविषयी मनात उमटणाऱ्या कठोर विचारांकडे लक्ष दिले जाते. न्यू यॉर्कमधील बर्नार्ड कॉलेजच्या मानसशास्त्रज्ञ तारा वेल यांनी २०२२ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. हठयोगातील त्राटकात एका सूक्ष्म लक्ष्याकडे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहतात. ‘हठयोगप्रदीपिके’त त्याची गणना षट्कर्मांत केलेली असून मृतांचे दर्शन हा त्याचा हेतू नाही.

मर्यादा व धोके

सायकोमँटियम हा मान्यताप्राप्त वैद्यकीय उपचार नाही. भास होणाऱ्या मनोविकाराची पूर्वपीठिका असलेल्या व्यक्तींसाठी ही पद्धत हानिकारक ठरू शकते. काहीच न दिसल्यास शोकग्रस्ताला आपले प्रेम अपुरे पडल्याची किंवा दिवंगत व्यक्ती रुसल्याची खंत लागू शकते. वस्तुतः काही न दिसणे हा प्रयोगांत वारंवार आढळलेला साधा परिणाम आहे. मृतांशी भेट घडविण्याची हमी देऊन पैसे घेणाऱ्यांकडून फसवणूक होण्याचाही संभव असतो.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत ‘प्रदीर्घ शोकविकार’ स्वतंत्रपणे नोंदविला आहे. मृत्यूनंतर किमान ६ महिने उलटूनही आणि समाजातील रूढ शोककाळ संपूनही तीव्र शोकामुळे दैनंदिन जीवन विस्कळीत राहिल्यास त्याचे निदान होऊ शकते. अशा वेळी आरशासमोरील प्रयोगांऐवजी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घेणे आवश्यक असते.