स्वादुपिंडाचा स्राव आणि ‘संप्रेरक’ संकल्पनेचा उदय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वादुपिंडाच्या स्रावाचे नियंत्रण मज्जासंस्थेकडे आहे, ही धारणा शरीरक्रियाशास्त्रात दृढ झाली होती. सेंट पीटर्सबर्ग येथील इव्हान पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून व्हेगस मज्जातंतू उद्दीपित केल्यास स्वादुपिंडरस स्रवतो, हे सिद्ध केले होते. ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, आम्ल सोडल्यावरही रस वाहतो, असे त्यांच्या प्रयोगशाळेत आढळले. मात्र तीही मज्जातंतूंची प्रतिक्षेपी क्रियाच मानली गेली.

पुढे फ्रान्समधील वेर्थेमर व लेपाज यांनी संबंधित मज्जातंतू छेदले, तरी आम्लाचा परिणाम टिकला. मज्जातंतूंचा स्रावकारक प्रभाव रोखणारे अ‍ॅट्रोपीन हे औषध देऊनही रस थांबला नाही. रासायनिक कारणाचा संशय येण्यास एवढा पुरावा खरे तर पुरेसा होता. तथापि त्यांनी स्थानिक प्रतिक्षेपाचीच कल्पना मांडली. प्रस्थापित सिद्धान्ताची पकड किती घट्ट असते, याचा हा बोलका नमुना होय.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १६ जानेवारी १९०२ रोजी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक भाग सर्व मज्जातंतूंपासून अलग केला; केवळ रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या. त्या भागात आम्ल घालताच स्वादुपिंडरस स्रवू लागला. नुसते आम्ल रक्तात सोडल्यास असा परिणाम होत नाही, हे ठाऊक होते. तेव्हा त्यांनी आतड्याचे अंतस्त्वचेचे अस्तर खरवडून वाळू व आम्लासह घोटले आणि तो अर्क गाळून शिरेत टोचला. रस पुन्हा वाहिला. या द्रव्यास त्यांनी ‘सिक्रेटिन’ असे नाव दिले. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा रासायनिक दूतांसाठी ‘हॉर्मोन’ ही संज्ञा योजली. मराठीत तिला ‘संप्रेरक’ म्हणतात. याच संशोधनात वापरलेल्या एका तपकिरी कुत्र्यावरून १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये प्राणिप्रयोगांविरुद्ध मोठे वादळ उठले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

तथापि या शोधास मज्जातंतू-सिद्धान्ताचा पराभव म्हणणे एकांगी ठरेल. पायलोकार्पिन हे औषध व्हेगसच्या उद्दीपनाप्रमाणेच विकरांनी समृद्ध, दाट रस निर्माण करते व अ‍ॅट्रोपीनने तो थांबतो. सिक्रेटिनने मिळणारा रस विपुल, पातळ आणि अल्कधर्मी असतो. पाव्हलोव्ह यांचे निष्कर्ष खोटे नव्हते, अपुरे होते. संप्रेरकाद्वारेही विकरांचे स्रवण घडते, हे मात्र हार्पर व रेपर यांनी १९४३ मध्ये पँक्रिओझायमिनच्या शोधाने दाखविले. ते द्रव्य व पित्ताशय आकुंचित करणारे कोलेसिस्टोकायनिन एकच असल्याचे स्टॉकहोममध्ये योर्पेस व मुट यांनी १९६० च्या दशकात स्पष्ट केले.