पटखेळाची खिडकी : जावा स्विंगमधील मांडणी

बुद्धिबळ, ऑथेल्लो अशा खेळांची खिडकी जावाच्या स्विंग लायब्ररीत बांधताना पट, गुणफलक, बटणे यांच्या जागा व मापे ठरवण्याची रीत. डिसेंबर १९९८ मधल्या जावा १.२ पासून स्विंग जावाच्या प्रमाण संचात आहे. येथे वापरले जाणारे लेआउट मॅनेजर मात्र तिच्याआधीच्या एडब्ल्यूटी संचातले.

घटक ज्यात ठेवतात तो कंटेनर, आणि त्यांना जागा वाटून देतो तो लेआउट मॅनेजर. मॅनेजर फक्त आपल्या कंटेनरमधल्या घटकांपुरते पाहतो. सगळी खिडकी एकाच मॅनेजरकडून बसवून घेण्याचा नवशिक्यांचा हट्ट त्यामुळेच फसतो. एका पॅनेलात, म्हणजे साध्या कंटेनरात, दुसरे पॅनेल ठेवावे लागते. जेफ्रेमला, म्हणजे स्विंगच्या मुख्य खिडकीला, मुळातच असलेला बॉर्डरलेआउट बुद्धिबळाला पुरतो : मध्ये पट, पूर्वेला चालींची यादी, दक्षिणेला बटणे. मात्र एका दिशेला एकच घटक. दोन बटणे थेट दक्षिणेला टाकली तर फक्त दुसरे दिसते. ती आधी एका जेपॅनेलात घालावीत, तिथला फ्लोलेआउट त्यांना ओळीने लावतो.

पटासाठी आठ ओळी, आठ स्तंभांचा ग्रिडलेआउट. यातली एक खोच फार जणांच्या नजरेतून सुटते. ओळींचा आकडा शून्य नसेल तर स्तंभांचा आकडा जुमानलाच जात नाही. तो घटकांच्या संख्येवरून काढला जातो. ६४ घरांच्या पॅनेलात चुकून एखादे लेबल गेले की घटक ६५, म्हणून स्तंभ ९. मग घरे सरकत जातात आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींऐवजी बहुतांशी उभे पट्टे दिसतात. दोष रंगाच्या सूत्रात शोधला जातो, तिथे तो नसतो. घटकाला पालक कंटेनरही एकच असतो. एकच लेबल तयार करून ६४ वेळा जोडले तर ते एकदाच दिसते.

ग्रिडलेआउट घरे सारखी करतो, चौरस करत नाही. खिडकी रुंद ताणली की पट चपटा होतो. उपाय असा : पट ग्रिडबॅगलेआउटच्या पॅनेलात ठेवावा. वेगळ्या अटी न घातल्यास तो घटकाला त्याच्या पसंतीच्या मापात मधोमध बसवतो. ते माप सांगणारी पद्धत पटाच्या वर्गात नव्याने लिहून पालक पॅनेलच्या लांबी-रुंदीतला लहान आकडा दोन्हीकडे द्यावा. खिडकी घटकांच्या मापाची करणारी पॅक ही पद्धत चालते त्या वेळी पालकाचे माप अजून शून्य असते, तेव्हा एखादा ठरीव आकडा हाताशी हवा.

मॅनेजर काढून टाकून प्रत्येक घटकाचे स्थान पिक्सेलांत लिहिण्याचा मोह बरेचजण आवरत नाहीत. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट मोठा निघाला की बटणांवरची अक्षरे कापली जातात. मोहरा माउसने ओढायचा असेल तेव्हा मात्र हीच पद्धत रास्त ठरते : पटावर जेलेयर्डपेनचा वरचा थर घेतात, त्याला मुळात मॅनेजर नसतो, आणि ओढला जाणारा मोहरा माउसच्या स्थानावरून हलवता येतो.